टाकी भरल्याचा दिवा

माझं काम काय आहे हे सांगितलं की हात मिळवायला पुढं आलेला माणूस हात मागं घेतो. म्हणून मी आधी हात मिळवतो आणि मग काम सांगतो.

काम असं. हल्ली लोक घरासारखी गाडी घेऊन हिंडतात. आत पलंग, गॅस, फ्रिज, न्हाणी आणि संडास. तिला कॅराव्हॅन म्हणतात. कान्हा, पेंच, बांधवगड, भेडाघाट, बरगीचं धरण असं सगळं बघायचं तर जबलपूर वाटेत येतंच, त्यामुळे या गाड्या आमच्याकडून जातात. गाडीतल्या माणसांना वाटतं की आत टाकलं ते गेलं. ते कुठं जात नाही. गाडीच्या पोटाखाली एक टाकी असते, तिच्यात बसून तेही कान्हा आणि पेंच बघतं. ही टाकी किती भरली ते सांगायला आत एक पॅनेल असतं, त्यावर दिवे असतात. ते दिवे खोटं बोलायला लागले की लोक मला बोलावतात.

आणि ते खोटं बोलतातच. टाकीच्या भिंतीतून एकावर एक असे स्क्रू आत घातलेले असतात. पाणी ज्या स्क्रूपर्यंत चढेल तिथपर्यंत करंट जातो आणि तेवढे दिवे लागतात. चांगली पद्धत आहे, फक्त टाकीत स्वच्छ पाणी असायला पाहिजे. इथं जे असतं त्याचा थर भिंतीला धरतो, कागद चिकटतो, थर ओला राहतो आणि करंट त्या थरातून वर चढतो. टाकी रिकामी केली तरी दिवा म्हणतो, भरली.

यावर लोक पुष्कळ उपाय सांगतात. टाकीत बर्फ टाकून गाडी चालवा, बर्फ आपटून आपटून स्क्रू घासले जातात, असं एकानं मला फार खात्रीनं सांगितलं होतं. मे महिन्यात आम्ही तो प्रयोग केला. गावाबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल यायच्या आत टाकीत थंड पाणी तयार झालं होतं, दुसरं काही झालं नाही.

मी मूळचा ऑटो इलेक्ट्रिशियन. इथल्या सरकारी गाडी कारखान्यात आधी बाबा होते, मग मी. ट्रकच्या डिझेलचा काटा बरोबर दाखवतो की नाही हे बघण्यात माझी बरीचशी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर एकदा भेडाघाटला शूटिंग चालू होतं, तिथल्या व्हॅनिटी व्हॅनसाठी कोणीतरी माझं नाव सुचवलं. टाकी किती भरली ते दाखवत नाही, एवढाच निरोप होता. मी डिझेलची टाकी समजून गेलो.

तिथं गेल्यावर कळलं. गाडी दर थोड्या वेळानं टाकी रिकामी करायला जात होती आणि परत येईपर्यंत दिवा लालच होता. तेवढा वेळ शूटिंग बंद, कारण त्या व्हॅनशिवाय मुख्य कलाकारांना चालत नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "अंकल, पहले आप टंकी खाली कर दीजिए, फिर देखिए."

मी म्हटलं, "टंकी आप खाली कीजिए. मैं सेन्सर देखूँगा."

"क्यों?"

"घर का नियम है."

तोपर्यंत असा कुठला नियम घरात नव्हता. तो तिथंच, त्या क्षणी झाला. मॅनेजरनं त्याच्या हाताखालच्या माणसाला सांगितलं, त्यानं आणखी एकाला सांगितलं, आणि काम खाली खाली सरकत शेवटी ड्रायव्हरपाशी येऊन थांबलं. त्याच्या खाली कोणी नव्हतं. त्यानं केलं. त्या गाडीतला संडास वापरायची त्या ड्रायव्हरला परवानगी नव्हती, हे त्यानं मला पाइप गुंडाळता गुंडाळता सांगितलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

त्या दिवसानंतर नियम पक्का झाला. जो वापरतो, तो रिकामी करतो. मग मी हात लावतो.

या नियमापायी पुष्कळ गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती लक्षात राहिली. एका निवृत्त कर्नलसाहेबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारख्या दुमडून, जणू झेंडा उतरवतोय अशा गांभीर्यानं टाकी रिकामी केली आणि मला म्हणाले, "ऑल क्लियर." कान्ह्याकडे तीन भावांनी मिळून एक गाडी घेतली होती. कोण जास्त वापरतो यावर त्यांचं माझ्यासमोर जे भांडण झालं, त्यात आजोबांच्या जमिनीपर्यंत सगळं निघालं. मी चहा पिऊन परत आलो. सेन्सर अजून तसाच असेल.

घरी आईला मात्र हे काम आवडलं नाही. आईचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे, पण कान आणि मत दोन्ही शाबूत. पहिल्या दिवशी भेडाघाटची हकीकत सांगितली तेव्हा ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले.

"तुह्या आजोबाले गावानं काय काय उचलायले लावलं, मालूम आहे ना?" ती म्हणाली. "ते सोडाले तुहे बाबा भंडाऱ्याहून इथं आले. अन् तू पेन्शन घेऊन मैला मोजून राहिला?"

"मोजून राहिलो आई, उचलून नाही."

ती हसली नाही. विनोद बरा होता, असं मला अजून वाटतं. शेजारी कोणी विचारलं तर ती सांगायची, "गाड्यांचे लाईट पाहाते तो." ते खोटं नव्हतं. दिवेच बघत होतो मी.

आता ज्या गाडीसाठी हे सगळं लिहायला बसलो तिच्याबद्दल.

एप्रिलचे दिवस होते. तिलवाऱ्याच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे, तिथं अशा गाड्या उभ्या करू देतात. तिथल्या मॅनेजरनं माझा नंबर दिला म्हणून सकाळी फोन आला. "नमस्कार, मी निरंजन गद्रे बोलतोय, पुण्याचा. आपण मराठी आहात असं कळलं." जबलपुरात मराठी माणूस निघाला याचा त्यांना फार आनंद झाला होता. आम्ही इथं तीन पिढ्या आहोत, पण बाहेरून येणाऱ्याला दर वेळी आश्चर्य वाटतं. आम्हाला आता त्या आश्चर्याची सवय झाली आहे.

मी स्कूटर घेऊन गेलो. गाडी पुण्यातच बांधून घेतलेली, नीटनेटकी. निरंजन पन्नाशीचे, त्यांची बायको अस्मिता, आणि निरंजनच्या आई. आई खिडकीजवळच्या आसनावर उशीला टेकून बसल्या होत्या. हडकुळ्या, पांढरेशुभ्र केस, आणि हाताच्या पाठीवर सलाइन काढल्यानंतरची कापसाची पट्टी.

"आईला ऊन लागलं हो," निरंजन म्हणाले. "मंडल्याहून येताना चक्कर आली. रात्रभर इथल्या हॉस्पिटलात होतो. आता बरी आहे. दोन-चार दिवस इथंच थांबतो, म्हटलं तेवढ्यात ही टाकी बघून घ्यावी."

त्यांचा प्रवास असा होता. आईंना नर्मदा बघायची होती, उगमापासून. गुडघ्यांनी पायी चालणं शक्य नव्हतं, साध्या मोटारीत तासन्‌तास बसणं शक्य नव्हतं, आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे वाटेतले बैठे संडास. खाली बसलं की उठता येत नव्हतं. म्हणून लेकानं ही गाडी बांधून घेतली. अमरकंटकला नदी बघितली, तिथून डिंडोरी, मंडला करत जबलपूर, पुढं ओंकारेश्वर. लेकानं आईसाठी केलेली एवढी मोठी गोष्ट मी तरी फार बघितलेली नाही.

"मावशी, बरं वाटते ना आता?" मी विचारलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या. आवाज असा की ऐकणारा सरळ होऊन बसेल. "तुम्ही मेश्राम ना? मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. फोनवर तुमचा आवाज ऐकला मघाशी. तुम्ही वाक्याच्या शेवटी आवाज पाडता. ऐकणाऱ्याला शेवटचा शब्द मिळत नाही."

मी म्हटलं, लक्षात ठेवीन.

अस्मिताताईंनी चहा केला. मावशी म्हणाल्या, "मला नको, झाला माझा." अस्मिताताई म्हणाल्या, "आई, डॉक्टर काय म्हणाले? सारखं काहीतरी प्यायचं." "घेते गं नंतर," असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. खिडकीबाहेर रिसॉर्टची भिंत होती.

पॅनेल दाराजवळ होतं. चार दिवे, चारही लागलेले, सगळ्यांत वरचा लाल. मी निरंजनना विचारलं, कधीपासून असं आहे?

"अमरकंटकपासून. तिथल्या हॉटेलच्या माणसांकडून टाकी रिकामी करून घेतली, पण दिवा काही गेला नाही. त्यांनी वरवर केलं असणार, टाकी भरत आलेलीच आहे. म्हणून आम्ही दोघं पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्यावर जातो. हा गाडीतला फक्त आईसाठी ठेवलाय. तिला म्हटलंय, तू बिनधास्त वापर, फक्त जरा जपून."

बिनधास्त आणि जपून हे एका वाक्यात कसं बसतं ते मी विचारलं नाही. मी त्यांना नियम सांगितला. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे. आमचीच आहे ती." असं इतक्या लवकर फार कमी लोक म्हणतात. त्या माणसाबद्दल माझं मत चांगलं झालं.

रिसॉर्टच्या मागं मैल्याचं चेंबर आहे, नदीपासून लांब. गाडी तिथं नेली. मावशी आतच बसल्या होत्या, त्यांना उतरवायचं नव्हतं. निरंजननी कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला. मी चार पावलांवर उभा राहून सांगत होतो. आधी पाइप लावा. दुसरं टोक चेंबरात घाला, वर वीट ठेवा, नाहीतर पाइप साप होतो. आता व्हॉल्व्हची मूठ धरा. हळू ओढा.

त्यांनी डोळे मिटले आणि मूठ ओढली.

पाइप थोडा थरथरला. किटलीतला शेवटचा कप ओतताना येतो तसा आवाज आला. मग काही नाही.

निरंजननी डोळे उघडले. "अडकलंय का?"

"थोडं थांबा."

थांबलो. काही नाही. मी पुढं होऊन टाकीला बाहेरून स्क्रूड्रायव्हरची मूठ वाजवली, खालपासून वरपर्यंत. रिकाम्या डब्यासारखी वाजली.

"रिकामी आहे," मी म्हटलं. "अमरकंटकवाल्यांनी नीटच केली होती."

"म्हणजे नुसता सेन्सरच!" निरंजन एकदम खूश झाले. "अस्मिता, ऐकलंस का? टाकी रिकामीच होती! आपण उगाच त्या ढाब्यांच्या संडासात जात होतो!"

अस्मिताताई पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्या खूश झाल्या नाहीत. त्या पाइपाकडे बघत होत्या.

"निरंजन," त्या म्हणाल्या, "आपण दोघं नाही वापरत. पण आई तर अमरकंटकपासून हाच वापरताहेत ना?"

"हो."

"मग एवढंसंच कसं?"

बाटली खाली ठेवून त्या गाडीत चढल्या. निरंजन त्यांच्या मागं निघाले आणि थांबले. हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यांनी अंगापासून लांब, हवेत धरले होते. तसे हात घेऊन आईजवळ जाता येत नव्हतं, दाराला धरता येत नव्हतं.

खिडकी उघडी होती. आतलं ऐकू येत होतं. मी पाइप सोडवायला हवा होता, पण आवाज झाला असता म्हणून तसाच उभा राहिलो.

"आई, तुम्ही पाणी पीत नव्हतात."

"पीत होते की."

"आई."

मग तो एक्सचेंजवाला आवाज, पण बारीक झालेला. "अगं, तो दिवा लाल आहे ना. रात्री पडल्या पडल्या समोर तोच दिसतो. भरली तर मध्येच कुठं जंगलात ओतणार तुम्ही? आणि करणार कोण, तर निरंजन. एवढी गाडी केली त्यानं माझ्यासाठी, एवढी रजा काढून हिंडवतोय. त्यात आणखी त्याला माझी घाण काढायला लावू? एक घोट सकाळी, एक गोळीबरोबर, तेवढं पुरतं म्हाताऱ्या माणसाला."

"पुरलं नाही, आई. दवाखान्यात न्यावं लागलं तुम्हाला."

"ते ऊन होतं."

"ऊन नव्हतं."

मग मावशींनी विचारलं, "आत्ता बाहेर कोण करतंय ते?"

"निरंजनच."

"मेश्राम नाही?"

"नाही. त्यांचा नियम आहे तसा."

निरंजन खिडकीखाली उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात नव्हते. मी त्यांचा रुमाल तोंडावरून सोडून त्यांच्या डोळ्यांना लावला. ओळख होऊन दोन तास झाले असतील. दुसरं कोणी तिथं नव्हतं.

आतून मावशी म्हणाल्या, "त्याला म्हणावं, हात साबणानं धू. दोनदा."

निरंजननी हात धुतले. दोनदाच नाही, पुष्कळदा. मग आत गेले. ते काय बोलले मला माहीत नाही, कारण मी गाडीखाली गेलो होतो. माझं काम राहिलं होतं.

दुरुस्तीत नवल काही नाही. जुने स्क्रू काढायचे नाहीत, काढले की तिथून गळतं. फक्त त्यांच्या वायरी तोडून टोकं बंद करायची. मग टाकीची बाहेरची भिंत पुसून कोरडी करायची. त्यासाठी मी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून मऊ मलमल आणतो. दुकानदाराला वाटतं घरात लहान बाळ आहे, दर वेळी किती महिन्यांचं झालं विचारतो. कोरड्या भिंतीवर खालून वर एक पट्टी चिकटवायची. ती प्लास्टिकच्या पलीकडं किती भरलंय ते बाहेरूनच ओळखते, आतल्या घाणीशी तिचा संबंध येत नाही. शेवटी नवं पॅनेल आत लावायचं. त्यावर दिवे नाहीत, टाकी शंभरापैकी किती भरली तो आकडा येतो.

मग परीक्षा. टाकीत बादलीनं पाणी टाकायचं आणि आकडा वाढतो का बघायचा. एकानं पाणी टाकायचं, एकानं खाली बघायचं, एकानं आकडा वाचायचा. मी म्हटलं, ताई, तुम्ही वाचा. तर मावशी म्हणाल्या, "मी वाचते."

त्यांना उशीसकट पॅनेलसमोर बसवलं. निरंजन बादल्या ओतायला लागले. मी खाली टाकीजवळ. वरून आवाज आला, स्वच्छ, शब्दन् शब्द सुटा: "दहा. दहावर स्थिर." मग, "अठरा." मग, "पंचवीस. पुढं बोला."

पुढं बोलायचं काही नव्हतं. पाणी टाकायचं होतं. पण आम्ही तिघंही तो आवाज येईल तसे कामाला लागलो. शंभराच्या जवळ गेल्यावर सगळं सोडून दिलं. या वेळी चेंबर भरभरून वाजलं. आकडा उतरत उतरत शून्यावर आला.

"मेश्राम, शून्य," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, "हे आता खरं बोलतं ना?"

"तुमच्यासमोरच पाहिलं मावशी. टाकलं तेवढं दाखवलं, काढलं तेवढं कमी केलं."

त्यांनी थोडा वेळ त्या शून्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अस्मिता, पाणी दे."

अस्मिताताईंनी फुलपात्र भरून दिलं. त्यांनी ते न थांबता प्यायलं आणि रिकामं पुढं केलं. दुसरंही प्यायल्या. तिसरं अर्धं ठेवलं. आम्ही तिघं मोठी माणसं एका बाईला पाणी पिताना बघत उभे होतो आणि कोणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

घरी आलो. आई पेपर वाचत होती, भिंग लावून. मी सहसा तिला कामाचं सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितलं. टाकीचं कमी, बाईंचं जास्त.

आईनं भिंग खाली ठेवलं. "दिवा पाहून पाणी नाही पिली?"

"नाही."

"मोठी हुशार बाई म्हणायची. मले तर दिवाही नव्हता."

मला कळलं नाही. आई मझौलीकडच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं यायची. आम्ही पोरं तिची वाट बघायचो. आली की ती आधी आत पळायची, मग आमच्याशी बोलायची. आम्हाला वाटायचं तिला हातपाय धुवायची घाई असते.

"शाळेत बायांसाठी काही होतं का?" आई म्हणाली. "मास्तर लोक नाल्याकडे जाऊन येत. मी कुठी जाऊ? सगळी पोरं पाहात राहाची. मंग सकाळी बसमध्ये चढ्याच्या आधी अर्धा कप चहा, अन् घरी येईपर्यंत बंद."

"किती वर्षं, आई?"

"नोकरी होती तोवर."

"काहून नाही सांगितलं?"

"कोणाले सांगू? हे सांगायची गोष्ट आहे का?"

आईला मूतखड्याचा त्रास होता. दोनदा ऑपरेशन झालं. आम्ही सगळ्यांनी नळाच्या पाण्याला दोष दिला होता. जबलपूरचं पाणी जड आहे, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांनी मोठा फिल्टर आणला होता, चिनी मातीच्या मेणबत्त्यांचा, आणि दर रविवारी ते स्वतः त्या मेणबत्त्या ब्रशनं घासत बसायचे. आईसाठी. ती जवळ बसून बघायची. तिनं त्यांना कधी थांबवलं नाही. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना हे कधी कळलं नाही, आणि आता कळवायला कोणी नाही.

मी आईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "बरंच झालं. शाळेत येऊन भांडला असता तो." मग भिंग उचलून ती परत पेपर वाचायला लागली. पण पान काही उलटलं नाही.

गद्रे मंडळी पुढं निघाली त्या दिवसापासून मला संध्याकाळी फोन यायला लागले. पहिल्या दिवशी मी घाबरलो, म्हटलं पट्टी निघाली की काय. "मेश्राम," मावशी म्हणाल्या, "बावीस." मी म्हटलं, छान. "ठेवते." आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी, "एकतीस." मध्ये एकदा तब्येत विचारली तर म्हणाल्या, "आकडा सांगितला ना?" हवामानाच्या बातम्यांसारखा तो फोन आमच्या घरात ठरून गेला. आईही त्या वेळेला टीव्हीचा आवाज कमी करायची. मुद्दाम नाही, असं तिचं म्हणणं.

एका संध्याकाळी मी न्हाणीत होतो आणि फोन वाजला. बाहेर आलो तर आई फोन कानाला लावून पाय वर घेऊन पलंगावर बसली होती. आमच्या घरात नातवंडं आईशी हिंदीत बोलतात, तीही हिंदीत उत्तर देते. त्यामुळे तिला असं सलग मराठीत बोलताना मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. "हो ना." "काय सांगता?" "आमच्याकडेही तसंच." "नाही नाही, मी तर मझौलीले जायची." मग आवाज इतका खाली गेला की मला ऐकू येईना. मग दोघी हसल्या. पलीकडचं हसणं फोनमधून खोलीभर ऐकू आलं, ते एक्सचेंजमधलं होतं.

मी टॉवेल वाळत टाकला, केस विंचरले, चहा ठेवला, चहा झाला, तरी फोन चालूच. शेवटी आईनं तो माझ्याकडे दिला तेव्हा तो गरम झाला होता आणि पलीकडं कोणी नव्हतं.

"ओंकारेश्वरले पोचल्या," आई म्हणाली. "दर्शन झालं. तब्येत बरी आहे. टाकी भरली."

"पूर्ण?"

"पूर्ण. उद्या सकाळी लेक रिकामी करते म्हणे. त्याले जमून राहिलं आता."

"आणखी काय म्हणाल्या?"

आईनं चहाचा कप उचलला. "बाकी आमचं होतं," ती म्हणाली. "तुह्या कामाचं नाही."